सायकलीच्या पोटातले बावीस छर्रे



सायकलीची चाके, चेन, ब्रेक आणि घंटी आपल्याला रोज दिसतात, म्हणून त्यांची आपण काळजी घेतो. चेनला तेल घालतो, चाकात हवा भरतो. परंतु फ्रेमच्या नळ्या खाली जिथे एकत्र येतात, तिथे एक आखूड, आडवी नळी असते. तिच्यातून एक आस जातो आणि त्या आसाच्या दोन टोकांना पायडलांचे दोन क्रँक बसवलेले असतात. या भागाला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तुमच्या पायांची सगळी ताकद येथूनच चेनकडे जाते. तरीही वर्षानुवर्षे कोणी तो उघडून पाहत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या अकरावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्याकडे आली. तिच्याजवळ जाड टायरांची, गिअरची सायकल होती. अशा सायकलीला हल्ली माउंटन बाइक म्हणतात. घरापासून कॉलेज सात किलोमीटर दूर. पावसाळाभर ती सायकल चिखलातून आणि पाण्यातून चालली होती. आता चढ आला की पायाखाली ‘कट्... कट्...’ असा आवाज येई. एका दुकानदाराने सांगितले होते, “क्रँकचा सगळा सेटच बदलावा लागेल.” तो खर्च ऐकून वडील सायकल विकून टाकण्याच्या विचारात होते. सकाळच्या तासाला वेळेवर पोचवणारी एस.टी. तिच्या गावाहून नव्हती. “सर, नक्की काय बिघडलंय ते आपल्याला आधी शोधता येईल का?” असे तिने विचारले. प्रश्न अगदी शास्त्रीय होता. चला, तो आपण क्रमाने सोडवू.

आधी निदान, मग पाना

कट् कट् आवाज येतो म्हणजे बॉटम ब्रॅकेटच बिघडले, असे म्हणता येत नाही. चाक, पायडल, क्रँक यांपैकी कोणीही गुन्हेगार असू शकतो. त्यांना वेगळे करण्यासाठी तीन सोप्या चाचण्या आहेत.

पहिली चाचणी मोजण्याची. पुढच्या दंतचक्राला ३८ दाते आणि मागच्याला १९ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. आवाज पायडलाच्या फेऱ्याला एकदाच येत असेल, तर दोष चाकात असण्याचा संभव कमी.

दुसरी चाचणी हलवण्याची. सायकल भिंतीला टेकवा. एका क्रँकचे टोक धरून ते फ्रेमकडे ढकला आणि पुन्हा बाहेर ओढा. फक्त पायडलच डुगडुगत असेल, तर दोष पायडलात. हातातला क्रँक हलतो पण पलीकडचा स्थिर राहतो, असे असेल तर क्रँक आसावर सैल झाला आहे. दोन्ही क्रँक एकदम हलत असतील, तर मात्र सबंध आसच आपल्या जागी सैल आहे.

तिसरी चाचणी स्पर्शाची. चेन दंतचक्रावरून उतरवून बाजूला ठेवा. एका हाताने क्रँक सावकाश फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटे सीटखालच्या नळीवर टेकवा. आत वाळू दळली जात असल्यासारखी खरखर जाणवली, तर छर्ऱ्यांचा मार्ग खराब झाला आहे.

आमच्या सायकलीचे दोन्ही क्रँक एकदम हलत होते आणि बोटांना खरखरही जाणवत होती. निदान झाले.

“पण सर, सायकल जड तर मुळीच जात नाही,” ती म्हणाली. निरीक्षण बरोबर होते आणि त्याचे कारण मजेदार आहे. चांगल्या छर्ऱ्यांच्या धारव्याचा घर्षणगुणांक सुमारे ०.००१ ते ०.००२ इतका अल्प असतो. पायडलावरच्या परिबलापैकी येथे घर्षणात जाणारा वाटा साधारण हजारात एक. तो बिघडून दहापट झाला, तरी शंभरात एकच होणार. तेवढा फरक पायांना कळत नाही. धारवा मरत असतो आणि पायांना त्याचा पत्ताही नसतो! म्हणून या बाबतीत पायांपेक्षा हातावर आणि कानावर विश्वास ठेवा.

बिचाऱ्या धारव्यावर भार तरी किती?

आता थोडे गणित करू. तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे असे माना. चढावर तुम्ही सीटवरून उठून सगळे वजन उजव्या पायडलावर टाकले आणि त्या क्षणी क्रँक पुढे आडवा आहे. पायडलावरचे बल ५० × ९.८ = ४९० न्यूटन.

आस समोरून पाहा. तो दोन धारव्यांवर टेकलेला आहे. त्या धारव्यांमधले अंतर सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक धारवा मध्यापासून २५ मिलिमीटरवर. पायडल मात्र मध्यापासून बरेच बाहेर असते. हिशोबाला सोपे म्हणून ते अंतर १२५ मिलिमीटर धरू. ही सरळसरळ तरफ झाली. डाव्या धारव्याभोवती परिबले घ्या. पायडल त्याच्यापासून १५० मिलिमीटर दूर आहे आणि उजवा धारवा ५० मिलिमीटर. म्हणून

उजव्या धारव्यावरील भार = ४९० × १५० ÷ ५० = १४७० न्यूटन, खालच्या दिशेने.

म्हणजे वजनाच्या तिप्पट! मग डाव्या धारव्यावर किती? एकूण बेरीज ४९० यायला हवी, म्हणून तेथे ९८० न्यूटन, पण वरच्या दिशेने. सी-सॉवर एका टोकाला बसले की दुसरे टोक उचलले जाते, तसेच हे.

अजून चेन राहिली. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर. ३८ दात्यांच्या दंतचक्राची त्रिज्या सुमारे ७७ मिलिमीटर, कारण चेनची प्रत्येक कडी १२.७ मिलिमीटरची असते. परिबले समान धरली तर

चेनमधील ताण = ४९० × १७० ÷ ७७ = सुमारे १०८० न्यूटन.

ही ओढ मागच्या दिशेने आहे आणि ती मध्यापासून सुमारे ५० मिलिमीटर उजवीकडे लागते. पुन्हा तरफेचा नियम लावा. उजव्या धारव्यावर मागच्या दिशेने १०८० × ७५ ÷ ५० = १६२० न्यूटन येतील. खाली १४७० आणि मागे १६२०, ही दोन बले काटकोनात आहेत. पायथागोरसच्या रीतीने त्यांची एकत्रित किंमत सुमारे २१९० न्यूटन येते. वजनाच्या जवळजवळ साडेचारपट!

डाव्या पायडलावर जोर दिला तरी चेन उजवीकडेच राहते. त्या वेळीही उजव्या धारव्यावरचा भार डाव्यापेक्षा अधिक येतो. हे तुम्ही स्वतः करून पाहा. तेव्हा उघडण्यापूर्वी आम्ही वहीत एक भाकीत लिहून ठेवले : ‘उजवी बाजू अधिक झिजलेली असेल.’

हा भार छर्ऱ्यांवर येतो आणि छर्रा पृष्ठभागाला अगदी लहानशा ठिपक्यावर टेकतो. समजा, एका छर्ऱ्यावर ५०० न्यूटन भार आला आणि ठिपक्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मिलिमीटर आहे. तर दाब १००० मेगापास्कल होतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजारपट! दोन वक्र, स्थितिस्थापक पदार्थ एकमेकांवर दाबले की संपर्काचा ठिपका केवढा होतो, याचे गणित हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये मांडले. रेडिओतरंग प्रयोगाने दाखवणारा हर्ट्झ तो हाच.

छर्ऱ्यांचा आणि सायकलीचा संबंधही जुना आहे. पॅरिसमधील सायकल-कारागीर ज्यूल सुरिरे याने १८६९ मध्ये छर्ऱ्यांच्या धारव्याचे एकस्व घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर याने जिंकली, ती असे धारवे बसवलेल्या सायकलीवर.

उघडताना

सायकलदुरुस्तीचे एक जुने दुकान चालवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी आम्हांला हत्यारे आणि दुकानाचा एक कोपरा वापरू दिला. पाठीमागे उभे राहून ते आमच्या चुका पाहत होते. पहिल्या वेळी असा एखादा अनुभवी माणूस जवळ असलेला बरा.

क्रँकच्या मध्यभागी असलेला बोल्ट काढला. त्याच्याखालचा वॉशरही आठवणीने काढला. तो आत राहिला तर पुलर आसावर नीट टेकत नाही आणि क्रँकचे आटे उखडतात. पुलर क्रँकमध्ये हाताने पूर्ण आत फिरवला आणि मगच त्याचा मधला स्क्रू पान्याने आवळला. आसाचे चौकोनी टोक किंचित निमुळते असते आणि क्रँक त्यावर पाचरीसारखा ठोकून बसलेला असतो. म्हणून तो हाताने निघत नाही; हातोडीने तर मुळीच काढू नये.

मग डाव्या बाजूची लॉकरिंग सोडवली आणि तिच्या आतला कप फिरवून काढला. या बाजूचे आटे नेहमीचे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवले की सुटतात. उजव्या कपाचे आटे मात्र बहुतेक सायकलींवर उलटे असतात. उजवीकडे उभे राहून पाहिले, तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो.

येथे माझी एक फजिती सांगायला हरकत नाही. कॉलेजात असताना एका जुन्या सायकलीचा हा कप मी नेहमीच्या दिशेने सोडवू लागलो. तो सुटेना, म्हणून पान्याला लांब पाइप जोडला. तरफ वाढली, बल वाढले आणि कप अधिकच आवळत गेला. शेवटी पाना सटकला, कपाच्या कडा गोल झाल्या आणि माझी बोटे सोलून निघाली. बल वाढवण्यापूर्वी दिशा तपासावी, हा धडा मी पुस्तकातून नव्हे, तर त्या दुपारी शिकलो.

पण उलटे आटे कशासाठी? एक बांगडी घ्या. पेन्सिलीला रबरबँड गुंडाळून ती बांगडीत उभी धरा आणि आतल्या कडेला टेकवून, घसरू न देता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेकडेने गडगडवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने फिरते! आट्यांमध्येही केसाएवढी फट असतेच. भाराची दिशा सतत बदलत राहिली की भाग त्या फटीत असाच सूक्ष्मपणे गडगडतो आणि हळूहळू सुटू पाहतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात ते याच कारणाने, आणि उजव्या कपाचेही.

भाकिताचे काय झाले?

कप निघाले. प्रत्येक बाजूला पत्र्याच्या कड्यात बसवलेले नऊ छर्रे होते. कड्याचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि आसाचे कोणते टोक उजवीकडे होते, हे आधी वहीत लिहून घेतले. आसाची दोन टोके पुष्कळदा सारखी नसतात. मग सर्व भाग जुन्या ब्रशने डिझेलमध्ये धुतले. हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. पेट्रोल वापरू नये आणि घाण डिझेल गटारात ओतू नये.

स्वच्छ पुसून पाहतो तो काय! उजवा कप जवळजवळ ठीक. त्यावर छर्ऱ्यांच्या मार्गाचा चकचकीत पट्टा होता, पण तो गुळगुळीत होता. डावा कप मात्र देवीच्या व्रणांसारख्या खड्ड्यांनी भरलेला, तांबेरलेला. आसावरचा डावीकडचा मार्गही तसाच. आमचे भाकीत साफ चुकले होते.

मग गणित खोटे का? नाही. गणित आपण नीट बसवलेल्या धारव्याचे केले होते. येथे डावी लॉकरिंगच सैल झाली होती. त्यामुळे दोन गोष्टी घडल्या. कप आणि आस यांच्यात ढिलाई आली, तेव्हा भार अनेक छर्ऱ्यांवर वाटला न जाता एकदोघांच्याच डोक्यावर बसू लागला. आणि हलणाऱ्या फटीतून पावसाचे पाणी व माती आत शिरली. ग्रीस धुऊन गेले, गंज चढला आणि मातीचे कण पोलादाखाली दळले जाऊ लागले.

अभियंते छर्ऱ्यांच्या धारव्यासाठी असा नियम वापरतात की, आयुष्य हे भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट झाला की आयुष्य एक-अष्टमांश! पुन्हा पुन्हा दाब पडून पोलाद आतून थकते, यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. पृष्ठभागाखाली बारीक तडे जातात आणि शेवटी टवका निघतो. ढिलाईने भार वाढला, मातीने पृष्ठभाग ओरखडला आणि गणिताने ‘सुखी’ ठरवलेली बाजू आधी संपली. धारवा केवळ भाराने मरत नाही. अधिक वेळा तो ढिलाईने आणि घाणीने मरतो.

पुन्हा बांधणी

खड्डे पडलेला पृष्ठभाग पुसून किंवा ग्रीस भरून बरा होत नाही. म्हणून त्याच मापाचा नवा आस आणि नवा डावा कप आणला. छर्रे मात्र दोन्ही बाजूंचे नवे घेतले. “उजवीकडचे चांगले दिसणारे ठेवले तर?” असे तिने विचारलेच. समजा, जुने छर्रे झिजून एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने लहान झाले आहेत आणि त्यांत तुम्ही एक नवा घातला. तो सर्वांत मोठा, म्हणून भार त्याच्याच वाट्याला. अकरा गोट्यांत एक किंचित मोठी गोटी घेऊन त्यांवर काच ठेवा. काच आणि गोट्या यांच्यातून कागदाची पट्टी सरकवून पाहा, म्हणजे किती गोट्या ‘कामचुकार’ आहेत ते दिसेल. म्हणून छर्रे नेहमी संचानेच बदलावेत.

छर्रे पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर व्यासाचे. कडे काढून टाकले, तर एका बाजूस नऊऐवजी अकरा सुटे छर्रे मावतात आणि भाराचे वाटेकरी वाढतात. अकरा आणि अकरा, असे बावीस. कपात ग्रीसचा जाड थर देऊन त्यात छर्रे एकेक चिकटवले. शेवटी थोडी फट उरली पाहिजे. बारावा कोंबू नये. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थाच्या जाळ्यात अडकवून ठेवलेले तेल. नुसते तेल वाहून गेले असते. ग्रीस जागेवर राहते, थोडे थोडे तेल पुरवते आणि पाण्याला अडवते.

आता सर्वांत नाजूक काम. डावा कप आत फिरवत आणला. कप सैल असेल तर आस डुगडुगतो; फार आवळला तर छर्रे सतत दाबाखाली राहतात आणि आस बोटांनी फिरवताना अडखळतो. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा असते आणि ती हातानेच शोधावी लागते. तिला सातव्या प्रयत्नात सापडली. त्यात एक गंमत आहे. लॉकरिंग आवळली की ती कपाला आट्यांच्या फटीएवढा बाहेर ओढते आणि जुळवलेले सैल होते. म्हणून कप आधी किंचित घट्ट ठेवून, पान्याने जागेवर धरून, मग लॉकरिंग आवळावी. क्रँक चढवले, वॉशर आणि बोल्ट बसवले. आठवड्याने बोल्ट आणि लॉकरिंग पुन्हा तपासली.

तुमच्या सायकलीत कदाचित असे सुटे छर्रे नसतील. आजच्या कित्येक माउंटन बाइकमध्ये सीलबंद डबीसारखा धारवा असतो. तो उघडता येत नाही. बिघडला की अख्खा बदलतात. काही सायकलींमध्ये धारवे नळीच्या बाहेर, दोन्ही बाजूंना बसवलेले असतात. तथापि निदानाच्या तिन्ही चाचण्या सर्वांना सारख्याच लागू पडतात.

आमच्या विद्यार्थिनीची सायकल विकली गेली नाही. या वर्षीचा पावसाळाही तिने त्याच सायकलीवर काढला. दर रविवारी ती क्रँक धरून एकदा हलवून पाहते, अर्धे मिनिट लागते. तिच्या वहीत आमचे चुकलेले भाकीत अजून तसेच आहे, त्याच्यापुढे कारणासह. ते खोडू नकोस, असे मीच तिला सांगितले.

सोडवून पाहा

१. डाव्या पायडलावर ४९० न्यूटन बल असताना दोन्ही धारव्यांवरील भार काढा. चेनचा ताण १०८० न्यूटनच धरा.

२. चढावर ३८ ऐवजी २२ दात्यांचे दंतचक्र लावले आणि पायडलावरचे बल तेवढेच ठेवले, तर चेनमधील ताण किती होईल? मग लहान दंतचक्र लावल्यावर चढ सोपा का वाटतो?

३. दोन धारव्यांमधले अंतर ५० ऐवजी १०० मिलिमीटर केले, तर पायडलामुळे उजव्या धारव्यावर येणारा भार वजनाच्या किती पट होईल? धारवे नळीच्या बाहेर बसवण्यात कोणता फायदा आहे, ते या उत्तरावरून सांगा.

४. आपल्या वर्गातील दहा सायकलींवर दुसरी चाचणी करा. किती सायकलींचे क्रँक हलतात ते नोंदवा आणि ज्याची सायकल असेल त्याला आजच सांगा.